चांदमारीवरचं खळं

पिस्तूल थुंकतं, हे मला केराबाईनं सांगितलं.

आमच्या दाराच्या पायरीवर बसून बशीतला चहा फुंकत ती म्हणायची, "अक्का, रिव्हॉल्वर भला मानूस. खाल्लेलं पोटात ठिवतो, मग सावकाश बाहेर काढतो. बंदूक बी बरी, आपल्या पायापाशी टाकती. पर ह्ये पिस्तूल म्हंजी तंबाखू खानारा गडी बघ. गोळी फुडं आनि पिंक उजव्या अंगाला. आनि पिंक कुटं पडंल ह्येचा काय बी नेम न्हाय."

आमचे मालक संगप्पा पोलिसात हवालदार. सोलापूरच्या बाहेर माळाला लागून चांदमारी होती, तिथं नेमबाजीचा सराव चालायचा. काडतुसं मोजून द्यायची आणि सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, हे मालकांचं काम. पुंगळी म्हणजे गोळी उडून गेल्यावर मागं राहतं ते पितळेचं नळकांडं. पिस्तुलाची असली तर करंगळीच्या पेराएवढी.

सरकारचं एक मला कधी कळलं नाही. गोळी कुठं गेली हे ते विचारत नाही. माळाला लागली, ढगाला लागली, सगळं माफ. पण पुंगळी कुठं आहे, हे मात्र विचारतं. पुंगळी दाखवली नाही तर काडतूस उडालंच नाही, ते बाहेर विकलं, असा अर्थ धरायचे. मग चौकशी. आणि चौकशी म्हणजे नोकरी गेली, नोकरीबरोबर पोलीस लाईनीतली खोली गेली. तेव्हा आमचं घर म्हणाल तर त्या करंगळीच्या पेराएवढ्या पितळेवर उभं होतं.

त्यात चांदमारीची जागा कशी, तर गोळी लागायची ती माळाला, पण साहेबलोक उभे राहायचे ते काळ्या रानात. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पुंगळी उडायची, एकदा चमकायची, आणि जमीन तिला गिळायची. मग ढेकर नाही की काही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता त्या उन्हाळ्यातली गोष्ट. चांदमारीच्या कडेनं दुष्काळी कामावरचा रस्ता चालला होता आणि केराबाई तिथं खडी फोडायला होती. ती वळसंगकडची. नवरा कधीच वारलेला, लेकरू नाही, जमीन नाही. तिचं पोट सरव्यावर. ज्वारी काढून नेली की रानात जी कणसं गळून राहतात ती मागून वेचायची, तो सरवा. ज्याला मालक नाही असं धान्य. ती म्हणायची, "मी आनि चिमण्या, आमचा धंदा येकच." पण दुष्काळात काढणीच नाही तर सरवा कुठला? म्हणून हातात हातोडा आला.

त्या दिवशी पाच-सहा शिपाई चांदमारीवर रांगत होते. मालक पण रांगत होते. ऊन कलत आलेलं. रस्त्यावरून ही बाई ओरडली, "काय रं बाबांनो, सरवा वेचताय व्हय?"

शिवशरण नावाचा शिपाई होता, त्याची जीभ त्याच्या संगिनीपेक्षा पुढं. तो म्हणाला, "ए मावशी, तुझी खडी फोड. हितं सरकारी वस्तू हरवलीय."

"हरवलीय तर अशी घावंल व्हय? सूर्याला पाट दावून हुडकताय. तुमची सावलीच बसलीया तिच्यावर."

कुणी बोलवायच्या आत ती तारेतून वाकून आत आली. ऊन तोंडावर घेतलं, पदर कपाळावर ओढला आणि अनवाणी चालायला लागली. बघत होती कमी आणि तळपायानं चाचपत होती जास्त. एका भेगेशी थांबली, वाकून बघितलं, आणि कुंपणातली तुरीची वाळकी काडी मोडून आत सोडली. पुंगळीचं तोंड उघडं असतं की. त्या तोंडात काडी अडकवली आणि दुखरा दात काढावा तशी हळूच वर ओढली.

रात्री जेवताना मालक म्हणाले, "आज एका बाईनं माझी नोकरी भेगेतनं उपसून काढली." आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

पुढं त्यांनी साहेबांना सांगून तिला चांदमारीवर रोजंदारीनं लावून घेतलं. गवत काढायचं, झाडलोट करायची, असं कागदावर. खरं काम पुंगळ्यांचं. शिट्टी होईपर्यंत ती मागं लिंबाखाली बसायची आणि डोळे मिटायची. शिवशरण म्हणायचा, "मावशी झोपली." ती झोपलेली नसायची, ऐकत असायची. कुठल्या पिस्तुलाची पुंगळी लांब पडते, कुठल्याची जवळ, दगडावर वाजते की मातीत मुकाट पडते, सगळं कानानं टिपायची. एकदा एका डावऱ्या साहेबांची पुंगळी उडाली ती सरळ त्यांच्याच कॉलरीत गेली. तापलेलं पितळ ते! साहेब नाचायला लागले. बाकीचे घाबरले, साहेबांना काय झालं, भोवळ आली काय. केराबाई डोळे न उघडताच म्हणाली, "येक आंगरख्यात गेली. तेवढी मोजून घ्या."

मला तिचं काय आवडायचं सांगू? ती पुंगळीला कधी कचरा म्हणाली नाही. वेचून आणलेल्या पुंगळ्या सुपात घ्यायची, जोंधळ्यासारख्या पाखडायची, माती उडवायची, आणि मग मालकांच्या डब्यात ओतायची. ओतताना सुपाला खालून दोन टिचक्या मारायची, दाणा चिकटून राहू नये म्हणून. पितळ कुठलं सुपाला चिकटतंय? पण हाताची सवय.

दुसऱ्या साली पाऊस झाला, ज्वारी आली, लोकांच्या अंगावर मांस आलं. शिमगा जवळ आला तेव्हा बाहेरगावाहून मोठे साहेब येणार अशी बातमी आली. ते सगळ्यांचा सराव बघणार, डबा स्वतः तपासणार. मालकांचं जेवण तुटलं. जमीन पुन्हा उलायला लागली होती आणि मोठ्या साहेबांसमोर रांगत बसायचं म्हणजे शोभा.

केराबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "ह्यात काय रडायचं? खळं करा की."

"कसलं खळं?" मालक म्हणाले.

"ज्वारीचं करतोत तसलं. दाना भेगंत जाऊ ने म्हनून काय करतोत आपण? जमीन भिजवतो, भुसा टाकतो, बैलं फिरवून चोपतो, शेणानं सारवतो. जिथं तुमचं सायब हुबं ऱ्हात्यात तितं खळं केलं तर पुंगळी जातीय कुटं?"

"खळं करायला बैल कुठनं आणू, केराबाई?"

तिनं लिंबाखाली बसलेल्या शिपायांकडं बघितलं. "मंग ह्ये काय हाईत?"

असं म्हणून दाखवायला सोपं, पण खरंच झालं हो. मालकांनी परवानगी काढली. माती भिजवली, भुसा टाकला, शेणाचा काला ओतला, आणि शिपायांना बूट काढून, विजारी गुडघ्यापर्यंत वर करून उभं केलं. मालकांनी हुकूम दिला, "लेफ्ट, राईट!" अख्खी तुकडी शेणात जागच्या जागी कवायत करते आहे आणि केराबाई हातात काठी घेऊन भोवती फिरते आहे. मी तारेबाहेरून बघत होते, हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

शिवशरण ओरडला, "मावशी, बैलाला पेंड तरी घाल!"

"घालीन की. आदी टाच दाब. तुझ्या खालची माती अजून पोकळ वाजतीया. बैल बी लाजंल तुला बघून."

तीन-चार दिवसांत खळं वाळलं. असं की वरून बोट फिरवलं तर ताटासारखं गुळगुळीत. कडेला तिनं चार बोटं उंच वरंबा घातला, पुंगळी घरंगळली तरी आत राहावी म्हणून. खळ्याच्या मध्ये तिवडा हवा म्हणाली, म्हणजे ज्याच्याभोवती बैल फिरतात तो खांब. साहेबांच्या पायात येईल म्हणून मालक नको म्हणाले. मग खांबाच्या जागी मागच्या अंगाला एक चपटा दगड बसवला आणि त्याला चुना लावला. भेगा उकरताना जुन्या पुंगळ्या निघाल्या, हिरव्या पडलेल्या, कुणाच्या हवालदारीतल्या देव जाणे. त्या सगळ्या तिनं पदरात भरून मालकांपुढं ओतल्या. एक पण मागं ठेवली नाही.

मोठे साहेब आले, सराव झाला. पुंगळ्या खळ्यावर टणाटण पडल्या. केराबाईनं केरसुणीनं हळू ओढून रास केली, पाखडली, डब्यात घातली. कुणाला गुडघा टेकावा लागला नाही. मोठे साहेब म्हणाले, "वा." मालक म्हणतात, त्या "वा"नं त्यांची छाती इंचभर वाढली. त्या दिवशी कुंभारीच्या बाजूला कुणाच्या रानात काढणी होती, म्हणून केराबाई सांगून लवकर गेली.

आणि डबा मोजला तर एक कमी.

पुन्हा मोजला. एक कमी. मोठ्या साहेबांचा चेहरा "वा"वरून उतरून परत सरकारी झाला. सगळ्यांच्या कॉलरी उलट्या केल्या, विजारींच्या दुमडी सोडल्या, बूट झटकले. झुडपं झोडपली. कुणीतरी म्हणालं, हे शेणाचं खळंच उकरून बघू, त्यातच रुतली असंल. मालक आडवे आले. "खळ्यात भेग नाही. ते बाईनं केलंय. ते मी उकरू देणार नाही."

मोठे साहेब म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत पुंगळी मिळाली तर ठीक. नाहीतर मला वरती लिहावं लागेल."

मालक संध्याकाळी घरी आले ते भिंतीला टेकून बसले. मी विचारलं तर म्हणाले, "आयतु बिडु." झालं, सोड आता. हे कानडीत बोलायला लागले की मी समजायची, पाणी डोक्यावरून चाललंय. खोलीच्या चारी भिंती मला तेव्हाच परक्या वाटायला लागल्या. मी चप्पल घातली आणि दिवेलागणीला केराबाईच्या झोपडीशी गेले.

ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, "केराबाई, तुझ्या निऱ्यांत, ओच्यात कुठं पुंगळी अडकलीय का बघ बाई. एक कमी आलीय. यांची नोकरी जाते."

तिचा हात परातीतच थांबला. "कमी कशी यील? म्या ठिवलीया की."

"कुठं?"

"खळ्यावर. पांढऱ्या दगडाखाली. नव्या खळ्याची पैली रास, मागं काय तरी ठिवावं लागतंय का न्हाय? तू शेतकऱ्याची लेक न्हवं?"

मी शेतकऱ्याचीच लेक. माझे वडील खळं कधी झाडून निव्वळ रिकामं करायचे नाहीत. मूठभर दाणे तिवड्याच्या बुडाशी ठेवायचे. ते धरतीचं. मला हसू येईना आणि रडूही येईना.

"अगं पण ती सरकारची!"

"सरकारला जुन्या पदरभर काढून दिल्या न्हवं परवा? त्या कुनाच्या हिशेबात हुत्या? येवढ्या जास्तीच्या दिल्यावर येक धरतीला दिली तर सरकार काय उपाशी मरतंय व्हय?"

"त्या जुन्या आजच्या हिशेबात धरत नाहीत."

"म्हंजी जास्त दिलं तर धरत न्हाईत आनि कमी झालं तर धरत्यात?" ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "सरकार हाय का सावकार?"

मी म्हटलं, "आता वाद नको. मी यांना सांगते. सकाळी कुणी यायच्या आत दगडाखालून काढतील, डब्यात टाकतील. झुडपात सापडली म्हणतील. तुझं नाव पण येणार नाही."

तेव्हा तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरलेली नाही. रागानं नाही. लेकराला समजवावं तसं.

"अक्का, ठिवली ती म्या उजेडी. समद्यांच्या म्होरं, केरसुणी हातात हुती, कुनी बी बघितलं असतं. आता चोरून काढली तर ती चोरी हुईल. आज न्हवती ती." मग विस्तवाकडं बघत म्हणाली, "म्या काढीन. सकाळी. मोठ्या सायबाच्या म्होरं."

"ते तुला कामावरून काढतील, केराबाई. पोलिसांचं आहे ते. चोरटी म्हणून नाव घालतील."

"घालू द्यात. सरवा कुटं गेलाय? पर संगप्पादादांची नोकरी गेली तर त्येंला कनसं वेचता येत्यात व्हय? वाकलं तर त्येंची कंबर धरती." आणि करपलेली भाकरी मला दाखवून म्हणाली, "ही तुझ्यापायी गेली बघ."

मी घरी येऊन मालकांना सांगितलं. म्हटलं, एवढी वर्षं नोकरी केलीत, तुम्हीच आधी जाऊन काढा. ते म्हणाले, "ती म्हणते तसंच होऊ दे. तिनं ठेवलीय, तीच काढील."

सकाळी केराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. पदराच्या टोकाला गाठ होती. मी तारेशी उभी राहिले. शिपाई रांगेत, मोठे साहेब खळ्याच्या मधोमध बूट घालून उभे, शेजारी मालक, चेहरा चुन्यासारखा.

मोठे साहेब म्हणाले, "बाई, पुंगळी तुम्ही घेतली?"

"घेतली न्हाय सायब. दिली."

"कुणाला?"

"जमिनीला."

शिवशरणनं तोंड फिरवलं. साहेबांनी मालकांकडं बघितलं, मालकांनी जमिनीकडं. केराबाईनं सगळं सांगितलं. खळ्याचं, पहिल्या राशीचं, दगडाचं. शेवटी म्हणाली, "सरकारची वस्तू म्या द्यायची न्हवती. ती चूक माजी. मला काय सजा करायची ती करा. पर दादांनी तिला हात बी लावला न्हाय, त्येंची नोकरी मदी आनू नगा."

साहेब म्हणाले, "द्यायचंच होतं तर मूठभर धान्य का नाही दिलंत?"

केराबाईला या प्रश्नाचं नवल वाटलं. "सायब, ज्या खळ्यावर जे पिकतं त्येच द्यायचं असतंय की. हितं काय जोंधळा पिकतोय व्हय?"

मला वाटलं, आता संपलं. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी तिच्या पदराच्या गाठीकडं बोट केलं. "मग हे काय आणलंय?"

"जोंधळा. कालच्या रानातला, दुष्काळानंतरचा पैला सरवा हाय माजा. दिलेलं काढायचं तर दुसरं काय तरी द्याया लागतंय. रित्या हातानं न्हाय काढता येत."

"आणि जोंधळा चालेल जमिनीला?"

"चालवून घ्याया लागंल तिला. म्या सांगते तिला, सरकारचा हात लई आकडलाय बाई, जरा दमानं घे."

ती वाकली. दगड कलता केला, पदराची गाठ सोडून आधी दाणे खाली सोडले, मगच पुंगळी उचलली. लुगड्याला पुसली. साहेबांनी हात पुढं केला होता, पण तिनं ती त्यांना दिली नाही, मालकांना दिली. डबा त्यांचा होता ना. मालकांनी ती डब्यात टाकली. खण्ण. त्या आवाजावर माझ्या खोलीच्या चारी भिंती परत माझ्या झाल्या.

मोठ्या साहेबांनी लिहिलं काही नाही. मालकांना एवढंच म्हणाले, "हवालदार, पुढच्या वेळी जोंधळा आधी आणून ठेवत जा." आणि जाताना खळ्यावरून गेले नाहीत. वरंब्याच्या बाहेरून, कडेकडेनं गेले.

केराबाई चांदमारीवरच राहिली. मालक निवृत्त झाले, आम्ही लाईनीतली खोली सोडली ती आमच्या पायानं, आमच्या वेळेला, तरी ती तिथंच होती. दर साली खळं नवं करायची, नव्या शिपायांना शेणात नाचवायची. आणि दर सरावानंतर, पुंगळ्या डब्यात गेल्या की पांढऱ्या दगडापाशी मूठभर ज्वारी टाकायची.

गोळीच्या आवाजानं पाखरं उडून जातात, असं म्हणतात. आमच्या चांदमारीवर उलटं झालं. पहिला बार झाला की कुठनं कुठनं चिमण्या यायच्या आणि कुंपणाच्या तारेवर ओळीनं बसायच्या. बार चालू असायचे, कान बधिर व्हायचे, पण एक हलायची नाही. शिट्टी कधी होते आणि ही बाई पदराची गाठ कधी सोडते, याची वाट बघत बसायच्या.